तुऱ्हाटीची आग आणि हवेची वाट

वाशीम जिल्ह्यात शेत ज्या क्रमाने रिकामे होते, त्याच क्रमाने घरचे सरपण भरत जाते. ऑक्टोबरात सोयाबीन निघते आणि मळणीयंत्राच्या तोंडातून कुटाराचा ढीग पडतो. डिसेंबर-जानेवारीत तूर कापून झोडपली की तुऱ्हाट्यांच्या पेंढ्या गोठ्याच्या भिंतीला लागतात. फेब्रुवारीनंतर कपाशीची शेवटची वेचणी आटोपली की पऱ्हाट्या उपटल्या जातात. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांत, म्हणजे वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा येथे, हे तीन अवशेष कमीअधिक प्रमाणात हाती येतात. त्यांपैकी कुटार दावणीत जाते, तर तुऱ्हाट्या आणि पऱ्हाट्या चुलीत जातात किंवा बांधावरच पेटवून दिल्या जातात. याच काड्यांचा भुगा करून, तो वाळवून, पोलादी साच्याच्या भोकांतून मोठ्या दाबाने ढकलला की पेन्सिलीएवढ्या जाडीची, बोटाच्या पेराएवढी कठीण कांडी बाहेर पडते. तिला पेलेट म्हणतात आणि ती जाळण्यासाठी मुद्दाम घडवलेल्या चुलीला पेलेट चूल. ही चूल घरात कशी बसवावी आणि ती निर्धास्तपणे कशी वापरावी, हा या प्रकरणाचा विषय आहे. आणि त्यातील जवळजवळ प्रत्येक सूचना एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते, तो प्रश्न म्हणजे आगीला हवा कोणत्या वाटेने येते आणि वापरलेली हवा कोणत्या वाटेने घराबाहेर जाते.

पेलेट जाळणारी साधने दोन वेगळ्या कुळांतली आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देता कामा नये. पहिले कूळ थंड देशांतले, खोली उबदार ठेवणाऱ्या शेगडीचे. १९७० च्या दशकातील तेलटंचाईने अमेरिकेत लाकूडगिरण्यांच्या भुशाकडे इंधन म्हणून पाहायला लावले, आणि बोइंगमध्ये काम केलेले अभियंते जेरी व्हिटफील्ड यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात घरात ठेवता येईल अशी, आपोआप इंधन घेणारी शेगडी विकसित केली. पुढे इटली, ऑस्ट्रिया, स्वीडन येथे तिचा मोठा प्रसार झाला. वाशीमच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि थंडीचा कडाका काही आठवड्यांपुरता, तोही शेकोटीवर भागण्याजोगा असतो. त्यामुळे या शेगडीला तेथे काम नाही. दुसरे कूळ स्वयंपाकाच्या चुलीचे आहे आणि त्याचा भारतातील धागा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सापडतो. तेथील प्रा. एच. एस. मुकुंद यांच्या गटाने विकसित केलेल्या ज्वलनतंत्रावर आधारलेली ‘ऊर्जा’ नावाची पंख्याची चूल २००६ च्या सुमारास बीपी या तेलकंपनीने बाजारात आणली, आणि २००९ पासून हा व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जी या कंपनीकडे आला. महाराष्ट्र, कर्नाटक आणि आसपासच्या राज्यांत अशा सुमारे ४ लाख चुली विकल्या गेल्या. त्यांच्यासाठी शेतमालाच्या अवशेषांपासून केलेल्या पेलेट दुकानांतून मिळत, परंतु कच्च्या मालाचा भाव चढला तसा पेलेटचाही चढला, घरगुती ग्राहक गळत गेला आणि कंपनी हॉटेले व मोठ्या स्वयंपाकघरांकडे वळली. चूल उत्तम होती आणि तरीही ती विझली, याचे कारण इंधन गावाबाहेरून येत होते. वाशीमसारख्या जिल्ह्यात हा अनुभव आधी ध्यानात घ्यावा, कारण येथे कच्चा माल शेताच्या धुऱ्यावरच पडलेला असतो.

सुट्या तुऱ्हाट्या जळतातच, मग त्यांची कांडी का करावी, हा प्रश्न रास्त आहे. काडी वेडीवाकडी आणि कमीअधिक ओली असते. ती भरभर पेटते, धूर करते आणि तितक्याच भरभर संपते, म्हणून चुलीपुढून उठता येत नाही. दाबून केलेल्या कांडीत तेच द्रव्य घट्ट बसते. सुटे कुटार किंवा काड्यांचा भुगा एका घनमीटरला जेमतेम १०० किलो किंवा त्याहून कमी भरतो, तर चांगल्या पेलेट तेवढ्याच जागेत ६०० किलोच्या आसपास मावतात. दाबताना यंत्राचा साचा तापतो, त्या उष्णतेने काडीतील लिग्निन हा चिकट घटक, जो झाडाच्या तंतूंना मुळातच एकमेकांशी बांधून ठेवतो, मऊ होतो आणि कांडी थंड होताच पुन्हा कडक होऊन भुगा धरून ठेवतो. वेगळा डिंक घालावा लागत नाही. मात्र भुग्यात ओल १० ते १५ टक्क्यांच्या आसपास असावी लागते. फार कोरडा भुगा चिकटत नाही आणि फार ओला भुगा साच्यातून बाहेर पडताच फुटतो. याच रीतीने केलेल्या पण मनगटाएवढ्या जाड ठोकळ्यांना बाजारात ‘पांढरा कोळसा’ म्हणतात; ते कारखान्यांच्या बॉयलरसाठी असतात आणि घरच्या पेलेट चुलीत ते तोडूनही वापरू नयेत, कारण चुलीतील हवेचे गणित लहान, एकसारख्या कांडीवर बसवलेले असते.

कोणत्या पिकाची कांडी करावी, याबाबत मत स्पष्ट असायला हवे. सोयाबीनचे कुटार चुलीचे नव्हे, ते जनावरांचे आहे. चाऱ्याच्या टंचाईत त्याची किंमत काय होते हे ज्याच्या गोठ्यात दोन जनावरे आहेत त्याला सांगावे लागत नाही. तुऱ्हाटी मात्र कांडीसाठीच जन्मल्यासारखी आहे, कारण ती लाकडासारखी टणक असते, कापणीनंतर थंडीच्या कोरड्या दिवसांत लवकर वाळते आणि जनावर तिला तोंड लावत नाही. पऱ्हाटीचा प्रश्न जरा वेगळा आहे. २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने कपाशीची धूळधाण केली, आणि तेव्हापासून कृषी विभाग व अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ फरदड (हंगाम संपल्यावर तीच कपाशी राखून घेतलेले पीक) घेऊ नका आणि पऱ्हाट्या शेतात किंवा गोठ्याशी रचून ठेवू नका असे सातत्याने सांगत आहेत, कारण किडक्या बोंडांत अळी दबा धरून राहते आणि पुढच्या हंगामात पुन्हा उठते. वेचणीनंतर लगेच पऱ्हाट्यांचा भुगा होऊन त्या कांडीत गेल्या, तर इंधनही मिळते आणि अळीचा निवाराही मोडतो.

लाकूड आणि पिकाचा अवशेष यांत खरा फरक राखेचा आहे, आणि परदेशी पुस्तकांतील सूचना वाशीममध्ये जशाच्या तशा लागू होत नाहीत त्या येथेच. युरोपातील सर्वोत्तम दर्जाच्या लाकडी पेलेटमध्ये राख ०.७ टक्क्यांहून अधिक चालत नाही. पिकांच्या अवशेषांत ती याच्या कित्येक पट, ४-५ टक्के आणि कधी त्याहूनही जास्त भरते, आणि धानाच्या तुसात तर सुमारे २० टक्के. शिवाय पिकाने जमिनीतून उचललेले पोटॅश या राखेत उतरलेले असते आणि पोटॅश राखेचा वितळणबिंदू खाली आणते. परिणामी आग फार तापली की राख भुकटीसारखी खाली पडण्याऐवजी मऊ होऊन एकमेकीला चिकटते आणि थंड झाल्यावर वीटभट्टीतल्या खंगरासारखा काळसर, काचेरी गठ्ठा होतो. हा खंगर चुलीच्या जाळीची भोके बुजवतो. भोके बुजली की खालची हवा अडते, हवा अडली की इंधन नीट जळत नाही आणि जे धुराशिवाय जळायचे ते धूर व विषारी वायू सोडू लागते. जाळीवरचा खंगर खरवडणे म्हणूनच निव्वळ स्वच्छतेचे काम राहत नाही. पेलेटमध्ये माती मिसळलेली असेल तर हा त्रास दुणावतो, आणि पऱ्हाट्या मुळासकट उपटून न झटकता भुग्यात टाकल्या तर तसेच होते.

विकत घेताना पोते उघडून पाहावे. चांगली कांडी बाहेरून तुकतुकीत असते, बोटांत धरून मोडली तर ‘कट्’ असा आवाज करून तुटते आणि तिचे तुकडे होतात, भुगा होत नाही. पेलाभर पाण्यात टाकलेली कांडी काही मिनिटांत फुगून उकलते. ही तिची खोट नसून तिच्या घडणीचा पुरावा आहे, आणि पावसाळ्यात पोते कसे ठेवायचे याची ताकीदही. पोत्याच्या तळाशी भुकटी साचली असेल तर ती चाळून काढावी, कारण भुकटी कांड्यांमधल्या फटी बुजवते आणि हवेची वाट पुन्हा अडते. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून, खताच्या आणि फवारणीच्या औषधांपासून दूर ठेवावीत.

आता चुलीकडे. मातीच्या चुलीपुढे बसलेली बाई ज्या क्षणी फुंकणी उचलते, त्या क्षणी ती जे करते तेच पेलेट चुलीतील छोटा पंखा सतत आणि मोजून करत असतो. ही चूल म्हणजे दुहेरी भिंतीचे एक उभे डबडे असते. आतल्या नळकांड्यात कांड्या भरतात. त्याच्या तळाशी थोडी भोके असतात, त्यांतून येणाऱ्या हवेला प्राथमिक हवा म्हणतात, आणि वरच्या काठाशी भोकांची एक माळ असते, तिच्यातून येणाऱ्या हवेला द्वितीयक हवा. आग खालून नव्हे, वरून लावतात. वरचा थर पेटला की त्याच्या उष्णतेने खालच्या कांड्या तापतात, पण तळाची हवा जेमतेम असल्याने त्या पूर्ण जळत नाहीत. त्यांतून जळण्याजोगा वायू निघतो, तो वर येतो आणि काठाच्या भोकांतून येणाऱ्या ताज्या, तापलेल्या हवेत मिसळून स्वच्छ ज्योतीने जळतो. आगीची रेघ अशी हळूहळू खाली उतरत जाते आणि तिच्या मागे कोळसा उरतो. याला वायुकरण म्हणतात, म्हणजे घन इंधनाचा आधी वायू करणे आणि मग तो वायू जाळणे. मातीच्या चुलीत जो धूर डोळ्यांत जातो तो बव्हंशी हाच न जळलेला वायू आणि काजळी असते.

भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १३१५२ या मानकात हा फरक आकड्यांत उतरला आहे. नैसर्गिक ओढीवर चालणाऱ्या जैवइंधन चुलीने इंधनातील निदान २५ टक्के उष्णता भांड्यात पोचवावी आणि पंख्याच्या चुलीने निदान ३५ टक्के. भांड्यात पोचलेल्या प्रत्येक मेगाज्यूल उष्णतेमागे धुरातील कण पहिल्या प्रकारात ३५० आणि दुसऱ्या प्रकारात १५० मिलिग्रॅमहून अधिक नसावेत. साध्या तीन दगडांच्या चुलीची कार्यक्षमता १० ते १५ टक्क्यांच्या घरात असते. हिशेब करून पाहिला तर १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरमधून भांड्यात जितकी उष्णता उतरते, तितकीच उतरण्यासाठी अशा पंख्याच्या चुलीत साधारण ७० किलो पेलेट लागतात आणि साध्या चुलीत दीडशे किलोंहून अधिक तुऱ्हाट्या. कांडीचा किलोचा भाव ७० ने गुणावा आणि सिलिंडरच्या भावाशी ताडून पाहावा. त्यात पंख्याची बॅटरी आणि चुलीची झीज धरावी. ज्या घरी १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतील शेगडी आहे पण सिलिंडर संपल्यावर दुसरे लगेच भरवत नाही, अशा घरासाठी हा ताळा महत्त्वाचा आहे. येथे एक बदललेली परिस्थितीही नोंदवली पाहिजे: ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने औष्णिक वीजकेंद्रांनी कोळशात ५ टक्के जैवइंधनाच्या पेलेट मिसळाव्यात असे धोरण ठरवले, आणि त्यामुळे घरच्या चुलीला लागणारी कांडी वीजकेंद्रेही घेऊ लागली. आपल्याच काड्या देऊन मजुरीवर कांडी करून घेण्याची सोय गावात किंवा तालुक्याला असेल, तरच घरगुती चुलीचा हिशेब टिकाऊ होतो.

घरात चूल बसवताना पहिला विचार भिंतीचा करावा. वाशीमच्या खेड्यांत स्वयंपाकाची खोली अनेकदा विटामातीची आणि वर टिनाची असते, परंतु तिला लागून तुऱ्हाट्यांचा कूड, म्हणजे काड्या विणून शेणामातीने लिंपलेली आडभिंत, असते किंवा बाहेरून तुऱ्हाट्यांच्या पेंढ्या टेकवलेल्या असतात. लिंपण निघालेल्या जागी हा कूड म्हणजे उभे केलेले सरपणच होय. चूल त्यापासून निदान तीन फूट दूर, शहाबादी फरशी किंवा विटांच्या सपाट थरावर ठेवावी. वर टांगलेले कपडे, शिंके, पोती, प्लास्टिकचे डबे यांपैकी काहीही तिच्या माथ्यावर नसावे. चूल डुगडुगता कामा नये. ती मातीच्या चुलीपेक्षा उंच असते आणि तिचे बूड लहान, त्यामुळे मोठे पातेले चढवून हाटताना ती कलंडण्याचा धोका खरा असतो. ज्या घरी रोज मोठे भांडे चढते तेथे चुलीभोवती विटांचे कडे रचावे किंवा लोखंडी तिवई वापरावी, म्हणजे भांड्याचे वजन चुलीवर न येता तिवईवर येते. लहान मूल रांगत असेल तर हे कडे केलेच पाहिजे, कारण चुलीचा बाहेरचा पत्रा मातीच्या भिंतीइतका थंड राहत नाही.

दुसरा विचार हवेचा. पंख्याच्या पेलेट चुलीला सहसा स्वतःचे धुराडे नसते, आणि धूर दिसत नाही म्हणून तिला हवाच नको असा समज सहज होतो. तो समज जीवघेणा आहे. कांड्यांचा वायू जळून संपला की तळाशी निखारे उरतात आणि निखारे जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो, ज्याला रंग नाही, वास नाही, ठसका नाही. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे या वायूला धरून ठेवते. त्यामुळे श्वास नेहमीसारखा चालू असतानाही शरीर ऑक्सिजनविना राहते. आधी डोके दुखते, मग मळमळते, गुंगी येते, आणि गुंगीत माणूस दार उघडण्याइतकाही उरत नाही. थंडीच्या रात्री दार लावून खोलीत शेगडी ठेवून झोपणाऱ्यांचे जीव याच वायूने जातात. म्हणून पेलेट चूल पडवीत, अंगणात किंवा अशाच स्वयंपाकघरात ठेवावी जिथे खाली दारातून हवा येते आणि वर, टिनाच्या लगत, झरोक्यातून ती बाहेर पडते. झरोका चुलीच्या समोरच्या नव्हे तर तिच्या वरच्या बाजूला असला तर उत्तम. उरलेले निखारे ऊब म्हणून झोपायच्या खोलीत नेऊ नयेत, कितीही थंडी असो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील इंधनाच्या धुराने २०२० या एका वर्षात जगभरात ३२ लाख माणसे दगावली. त्यात हळूहळू पोखरणाऱ्या धुराचा वाटा मोठा आहे, पण एका रात्रीत जीव घेणारा हा वायूही त्याच चुलीतून निघतो.

चूल पेटवण्याची रीत मातीच्या चुलीच्या नेमकी उलटी असल्याने घरातील जुन्या हाताला ती सुरुवातीला अवघड जाते. कांड्या काठाच्या भोकांखाली बोटभर जागा सोडून भराव्यात. भोके झाकली गेली की ज्योत बसत नाही. वर नारळाची शेंडी, रंधा मारताना निघालेल्या लाकडी ढलप्या किंवा तुऱ्हाटीच्या बारीक चिमण्या काड्या पसरून त्या काडेपेटीने पेटवाव्यात. पेट्रोल कधीही वापरू नये आणि रॉकेल किंवा डिझेल तापलेल्या चुलीत ओतू नये. आदल्या निखाऱ्यावर पडलेले रॉकेल वाफ होऊन भडका घेते आणि तो भडका ओतणाऱ्याच्या हातावर, चेहऱ्यावर येतो. सुरुवातीची दोन-तीन मिनिटे पंखा मंद ठेवावा, सगळ्या माथ्यावर ज्योत धरली की वाढवावा आणि मगच भांडे चढवावे. थंड भांडे लवकर चढवले तर ज्योत तळाला थडकून काजळी धरते. एका भरतीत अर्ध्या किलोहून थोडे अधिक इंधन बसते आणि ते साधारण तासभर पुरते. तेवढ्यात भाजी, वरण आणि भाकरी होईल असा स्वयंपाकाचा क्रम लावावा लागतो. मधेच वरून मूठभर कांड्या टाकण्याचा मोह होतो आणि तेथेच धूर सुरू होतो, कारण नव्या कांड्या खालच्या निखाऱ्यावर पडून एकदम वायू सोडतात आणि तो सगळा जाळण्याइतकी हवा काठाच्या भोकांतून येत नाही.

भाकरीचा प्रश्न वेगळा सांगायला हवा, कारण ज्वारीची भाकर ज्या घरात रोज होते तेथे तो चूल स्वीकारण्या-नाकारण्याचा प्रश्न होऊन बसतो. मातीच्या चुलीला तोंड असते. तव्यावरची भाकर पदर धरू लागली की ती काढून चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यावर उभी टेकवतात आणि ती टम्म फुगते. पेलेट चुलीला तोंडच नसते. तिच्यावर भाकर तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजून, तवा उतरवून, काठावर लोखंडी जाळी ठेवून मंद पंख्यावर शेकावी लागते. ज्योत मधोमध उभी आणि धारदार असल्याने पातळ तवा मध्यभागी जळतो. बिडाचा जाड तवा ती उष्णता कडेपर्यंत पसरवतो. तवा आणि जाळी यांची अदलाबदल करताना उघड्या ज्योतीवरून हात फिरतो, तेव्हा नायलॉनच्या साडीचा पदर खोचलेला असणे आणि सांडशी हाताशी असणे अत्यावश्यक आहे.

पंखा लहान असतो, काही वॅटचा, आणि तो भरता येणाऱ्या बॅटरीवर चालतो. चुलीत आग असताना बॅटरी संपली तर हवा थांबते, पण इंधन वायू सोडतच राहते. ज्योत विझते आणि गच्च पांढरा धूर निघू लागतो. हा धूर जळण्याजोगा असतो. अशा वेळी चुलीत डोकावू नये किंवा वरून काडी लावू नये. भांडे उतरवून, सांडशी किंवा जाड फडके वापरून चूल उघड्यावर न्यावी किंवा दारे-खिडक्या उघडून माणसांनी बाहेर यावे. पाणी ओतणे हा त्यावरचा इलाज नाही, कारण वाफेच्या झटक्याने भाजते आणि तापलेले पोलादी नळकांडे वाकडे होऊ शकते. भारनियमनाच्या दिवसांत बॅटरी वीज असतानाच भरून ठेवणे, चुलीत भरती टाकण्याआधी पंखा एकदा चालवून पाहणे आणि उतू गेलेले वरण पंख्याच्या बाजूला जाऊ न देणे, एवढ्याने हा प्रसंग बहुधा टळतो. १९८३-८४ मध्ये सुरू झालेल्या सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमात देशभर लाखो चुली बसल्या आणि त्यांतल्या पुष्कळ काही वर्षांत निकामी झाल्या; धुराडी साफ झाली नाहीत, फुटलेले भाग मिळाले नाहीत. पंख्याच्या चुलीचा जीव तर एका मोटरीत अडकलेला आहे, तेव्हा विकत घेतानाच पंखा आणि बॅटरी बदलून कोण देणार, हे दुकानदाराकडून वदवून घ्यावे.

थंड देशांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला घर घेताना पहिल्या कुळातली शेगडी भिंतीशी बसवलेली मिळू शकते, म्हणून तिच्याविषयी थोडे. तिच्यात वरच्या टाकीतून मळसूत्रासारखा फिरणारा दांडा कांड्या थोड्याथोड्या आगीत ढकलतो, एक पंखा ज्वलनाची हवा ओढतो, दुसरा खोलीत गरम हवा सोडतो, आणि धूर ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाच्या नळीतून बाहेर जातो. ही नळी धुराड्यासारखी नुसत्या ओढीवर नव्हे तर पंख्याच्या दाबाखाली काम करते, त्यामुळे तिच्या प्रत्येक सांध्याला उष्णतारोधक सील लागते. साधी पत्र्याची नळी जोडली तर धूर सांध्यांतून घरात झिरपतो. वीज गेल्यावर पंखे थांबतात, तेव्हा नळीचा काही भाग सरळ उभा वर गेलेला असला तर उरलेला धूर आपल्या उष्णतेने वर चढून जातो. आधुनिक, हवाबंद घरात ज्वलनाची हवा थेट बाहेरून आणणारी वेगळी नळी घेणे चांगले, आणि झोपायच्या मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र असलेच पाहिजे. पेलेटचा मोठा साठाही हवेशीर हवा. ताज्या लाकडी पेलेटमधील स्निग्ध घटकांचा हवेशी संयोग होऊन बंद जागेत हाच वायू साचतो आणि ऑक्सिजन घटतो. २००६ मध्ये स्वीडनच्या हेल्सिंगबोर्ग बंदरात पेलेट वाहून आणलेल्या जहाजाच्या बंद जिन्यात उतरलेल्या खलाशाचा मृत्यू असाच झाला, आणि तेथे आग कोणी लावलेलीच नव्हती.

स्वयंपाक आटोपल्यावर चुलीत जे उरते ते राख दिसते, पण तिच्या पोटात निखारा असतो. वरून पांढरी, थंड वाटणारी राख आतून दुसऱ्या दिवसापर्यंत धगधगती राहू शकते, आणि ती उकिरड्यावर किंवा गंजीच्या बाजूला टाकली तर वाऱ्याबरोबर ठिणगी उडते. सोंगणीच्या दिवसांत घराशेजारी सोयाबीनच्या सुड्या लागलेल्या असताना एवढे निमित्त पुरते. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढावी, डबा लाकडी फळीवर किंवा पोत्यावर न ठेवता मातीवर ठेवावा आणि निदान एक दिवस उघडू नये. जाळीवरचा खंगर त्याच वेळी, चूल पूर्ण निवल्यावर, खिळ्याने किंवा तारेच्या ब्रशने काढून प्रत्येक भोक उजेडाकडे धरून पाहावे. महिन्याला ७० किलो कांड्या जाळणाऱ्या घरात अशी साडेतीन किलोंच्या आसपास राख निघते. तिच्यात पोटॅश असते, पण ती विम्लधर्मी असते, आणि वाशीमच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनी मुळातच तशा असल्याने ती एका जागी ओतणे बरे नव्हे. शेणखताच्या खड्ड्यात थराथराने, मूठमूठ भुरभुरून टाकावी, आणि भांडी घासण्यापुरती डब्यात राखून ठेवावी.